सुकतीच्या वाळूवरची निशाणे

कराडला आमच्या गच्चीवरून कृष्णा दिसते. पूर असो वा उन्हाळा, ती जाते ती एकाच दिशेला. वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत मला मोठ्या पाण्याची ओळख एवढीच होती. शाळेच्या सहलींबरोबर समुद्रावर गेले होते खरी, पण तेव्हा मुलींना हाका मारण्यात समुद्राकडे पाठच राहिली. म्हणून कळंबच्या मुक्कामाविषयी काही लिहावे असे भाचीने सुचवले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. आयुष्यभर संस्कृत शिकवले. स्वतःचे असे कधी काही लिहिले नाही. तरी जे पाहिले ते पाहिले तसे सांगण्याचा प्रयत्न करते. त्यातल्या एका गोष्टीचा उलगडा मला झालेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

ह्या प्रवासाचे मूळ आमच्या ह्यांच्या गोल्फमध्ये होते. मी 'हे' असेच लिहिणार आहे. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्यांना नावाने हाक मी कधी मारलेली नाही. कोणी मनाई केली नव्हती. जीभच तशी वळली नाही. तर बँकेतून निवृत्त झाल्यावर ह्यांना दूरचित्रवाणीवर गोल्फ पाहण्याचा छंद लागला आणि छंदातून हौस निर्माण झाली. गच्चीवर छत्री उलटी धरून ते चेंडू मारण्याचा सराव करीत. शेजारच्या गच्चीवरून विचारणा होई, "काय साहेब, पाऊस झोडपताय का?" हे छत्री नीट धरून पुढचा फटका मारीत.

ह्यांची भाची मंजिरी वसईजवळ उमेळ्याला राहते. तिनेच फोन केला. "मामा, कळंबला एक जागा आहे. समुद्र आहे, मुलांचे झोपाळे आहेत, गळ टाकून मासे पकडता येतात, आणि गोल्फपण आहे म्हणे."

"समुद्रावर गोल्फ?" ह्यांनी विचारले.

"जाऊन तर बघा. मामीलाही बाहेर काढा जरा."

कळंब, शुक्रवार

सुरूच्या बनाच्या अलीकडे, केळी-नारळाच्या वाडीत हे विश्रामस्थान आहे. आमच्याकडे वेशीवर मारुती असतो. इथे वाडीच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला क्रूस होता, त्याच्या पायाशी झेंडूचा हार आणि विझलेली मेणबत्ती. वाडीचे मालक इनासभाऊ आम्हाला घ्यायला फाटकापर्यंत आले. पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवणारे हे ख्रिस्ती कुटुंब. आता अर्ध्या वाडीत खोल्या बांधल्या आहेत.

"आज तुम्ही दोघंच," ते म्हणाले. "उद्या दुपारपासून बघा, मुंबईची पोरं नुसती उड्या मारतील."

मुलांसाठी केलेली जागा मुलांवाचून कशी दिसते, ते मी पूर्वी पाहिले होते. सुटीतल्या शाळेत मी अनेकदा एकटी बसले आहे. पण इथले रितेपण निराळे होते. पोहण्याच्या हौदाच्या कडेला हसरे डॉल्फिन रंगवले होते. माडाला बांधलेल्या भोंग्यातून बालगीते चालू होती आणि ऐकायला कोणी नव्हते. ओळीने टांगलेल्या झोपाळ्यांपैकी एकच झोपाळा हलत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले, तसे इनासभाऊ म्हणाले, "मांजर असेल. आत्ता उडी मारून गेली असेल."

मी काहीच विचारले नव्हते.

दुपारच्या जेवणात तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचे कालवण आणि शेवटी सुकेळी होती. पिकलेली केळी उन्हात सुकवून पानात गुंडाळतात, ती सुकेळी. रंग गुळाचा आणि चव खजुराच्या जवळची. इनासभाऊ आमच्याशी पुस्तकी वाटावे असे मराठी बोलत, पण पत्नीशी बोलू लागले की त्यांच्या घरच्या बोलीतले मला फारतर प्रत्येक वाक्यातले एखादे क्रियापद कळे. भाषा शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईला हे बरेच काही शिकवणारे होते.

संध्याकाळी खाडीवर गळ टाकायला गेलो. ह्यांनी पहिल्याच फेरीत एक बोय मासळी पकडली आणि मग तिचे काय करायचे ते दोघांनाही कळेना. आम्ही मटण खाणारी माणसे. पण बोकड असा आपल्याकडे पाहत हातात येत नाही.

"काढा ना गळ," इनासभाऊ म्हणाले.

"तिला लागेल," हे म्हणाले.

इनासभाऊ इतके हसले की त्यांना काठावर बसावे लागले. मासा त्यांनीच सोडवला आणि पुन्हा पाण्यात टाकला. "पहिला दर्याचा," ते म्हणाले. ती रीत होती की आमची सोय, कोण जाणे.

शनिवार

सकाळी सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि समुद्र नव्हता.

पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. आदल्या दुपारी जिथे लाटा फुटत होत्या, तिथे करडी, घट्ट, ओली वाळू नजर पोहोचेल तिथवर पसरली होती. तिच्यावर खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या घातल्या होत्या. एवढे पाणी रातोरात कुठे गेले असेल, हा प्रश्न मला पोरकट वाटला, म्हणून मी तो विचारला नाही. इथे ओहोटीला सुकती म्हणतात. आमची कृष्णा उन्हाळ्यात आटते, पण ती उठून जात नाही.

"हे आमचं गोल्फचं मैदान," इनासभाऊंनी हात पसरला. "आत हिरवळ केली होती. खाऱ्या वाऱ्यानं गवत मेलं. वाळू फुकट आहे, आणि देव दिवसातून दोनदा पुसून देतो."

पहाटे येऊन ते वाळूत रिकामे डबे पुरत आणि प्रत्येक डब्यापाशी तांबड्या कापडाचे निशाण रोवत. भरतीच्या आधी सगळे उचलून परत. ह्यांनी छत्रीऐवजी खरी काठी हातात घेतली, बराच वेळ पवित्रा घेतला, आणि वाळूचा मोठा लपका उडवला. चेंडू जागचा हलला नाही. मला हसू आले, हेही हसले. तिसऱ्या निशाणापर्यंत पोहोचता पोहोचता खांदा भरून आला.

"पुढची तीन उद्या," हे म्हणाले.

दूर, जिथे पाण्याची चकाकणारी रेघ होती, तिथे काठ्यांची एक ओळ दिसत होती. "कोळीवाड्यातल्या लोकांची जाळी," इनासभाऊंनी सांगितले. "सुकतीला चालत जातात, पाटी भरून येतात. तुम्ही तिकडे जाऊ नका हं. पाणी समोरून येत नाही इथे, बाजूनं येतं. मध्ये नाळ आहे खोलगट, ती आधी भरते."

दुपारी मुंबईची मंडळी आली. हौदात पोरांनी उड्या घेतल्या, भोंग्याला ऐकणारे मिळाले, आणि मी आदल्या दिवशीच्या माझ्या बेचैनीला हसले.

रविवार

उठलो तेव्हा धुके होते. धुके मला नवे नाही. पौषात कृष्णाकाठीही ते उतरते; पण तिथे त्यातून पुलाचा कठडा, देवळाचा कळस, काहीतरी डोके वर काढून असते. इथे सुरूचे शेवटचे झाड संपले की काहीच नव्हते. आवाजही नव्हता.

इनासभाऊ चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेले होते. मुंबईची मंडळी झोपेत होती. हे टोपी घालून, काठी आणि चेंडू घेऊन तयार.

"कोणाला विचारूया का?" मी म्हटले.

"काय विचारायचं? निशाणं पहाटेच लावलेली असतील की."

इनासभाऊंच्या पत्नी स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून हळू आवाजात काही भजन गात होत्या. मी दारापर्यंत गेले. त्यांच्या गाण्यात खंड पाडावासा वाटेना, म्हणून तशीच मागे फिरले.

पहिली तीन निशाणे नीट सापडली. एकापाशी उभे राहिले की पुढचे अंधूक दिसे. ह्यांचा हात आता बसला होता; चेंडू सरळ जाऊ लागला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी फार वर्षांत न पाहिलेला आनंद होता. तिसऱ्या निशाणापाशी ते डोळे बारीक करून पुढे पाहू लागले.

"ते बघ चौथं."

पुढे, किंचित डावीकडे, तांबडे असे काही होते.

"तू इथेच थांब," हे म्हणाले. "म्हणजे मला परतीची खूण राहील." त्यांनी चेंडू मारला आणि त्याच्यामागे चालू लागले. आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग बाकीचे.

टक्. चेंडूचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, अधिक दूर. मग एकदा उजवीकडून, आणि एकदा, मला असे वाटले, की माझ्या मागून. मी वळून पाहिले. मागे दुसरे निशाण दिसत नव्हते. मग आवाज यायचे थांबले.

मी खाली पाहिले. आम्ही आलो त्या वाटेवरचे आमच्या पावलांचे ठसे पाण्याने भरत होते. लाट आली नव्हती, खळखळ नव्हती. पाणी वाळूच्या आतूनच वर येत होते, जणू त्याला कोणी बोलावले होते. सुकती संपली होती.

"अहो!" मी हाक मारली. माझा आवाज वर्गाच्या भिंतींना सरावलेला. इथे भिंतच नव्हती. "अहो! अहो, ऐकलंत का?"

उत्तर आले नाही. त्याऐवजी धापा टाकल्याचा आवाज आला आणि धुक्यातून एक बाई धावत बाहेर पडली. लुगडे गुडघ्यांच्या वर खोचलेले, डोळे विस्फारलेले. मला पाहून ती किंचाळली. मी पांढरी शाल पांघरून उभी होते. मीही किंचाळले असेन.

"कोन गो तू?" ती ओरडली. "मानूस हायस ना?"

"हो. आम्ही तिकडे, इनासभाऊंकडे उतरलोय. माझे... हे पुढे गेलेत."

"टकटक ठोकतोय तो तुझा मानूस?"

"ते गोल्फ खेळतात."

"खेळतो?" तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, माझा जीव गेला होता! जाळं रिकामं करत होते, तर आमच्या काठीजवळ टकटक, टकटक. पाटी टाकून पळाले मी. नाळ भरायला लागली, आनि हा खेळतोय! बोलव त्याला!"

"अहो!" मी पुन्हा हाक मारली.

तिने तिचा ओला, मासळीचा वास येणारा हात चटकन माझ्या तोंडावर ठेवला.

"असं नको," ती हळू आवाजात म्हणाली. "दर्यात 'अहो' म्हनून हाक मारायची नाय. इथं किती जनींचे 'अहो' हायत. कोन येईल काय सांगता येतंय? नाव घे त्याचं."

मी नाव घेतले. ते माझ्या ओठांतून इतके हळू आले की तिने कान पुढे केला.

"काय? मोठ्यानं घे! बायको हायस ना त्याची?"

"मधुकर!" मी ओरडले. "मधुकर! मधुकर!"

"ओ मधुकर!" तीही ओरडू लागली. "परत ये रे बाबा! तुझी बायको रडते!"

मी रडत नव्हते. निदान तोपर्यंत नव्हते.

"काय गं?" असे उत्तर आले. घरात दुसऱ्या खोलीतून यावे इतक्या साध्या स्वरात, पण सुरूच्या बनाच्या दिशेने, जिथे ते असणे शक्य नव्हते. मी तिकडे वळले, तशी तिने माझा दंड धरला.

"धुक्यात आवाज फिरतो. तू हललीस तर तो कुनाकडं येईल? तू ओरडत ऱ्हा. नावानं."

मी ओरडत राहिले. एकच शब्द इतक्या वेळा उच्चारला की त्याचा अर्थ निघून गेला आणि नुसता आवाज उरला. ती बाई पुढे नाळेत उतरली. पाणी तिच्या कमरेपर्यंत आले. पलीकडे धुक्यात एक आकृती उभी राहिली. तिच्या हातात काठी होती.

"काठी इकडं कर!" ती ओरडली. ह्यांनी गोल्फच्या काठीचे टोक पुढे केले, तिने ते धरले आणि त्यांना गाईला दाव्याने ओढावे तसे ओढून काढले. ह्यांची टोपी पाण्यावरून जाताना मी पाहिली. ती किनाऱ्याकडे चालली होती, आमच्या आधी.

अलीकडे आल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मागे वळून पाहत म्हणाले, "चौथ्यापाशी कोणीतरी उभं होतं. मला वाटलं, इनासभाऊ. हात वर केला होता."

बाई थबकली. "शर्ट कसला होता?"

"निळा वाटला. चौकडीचा. कमरेला तांबडं काही बांधलं होतं."

ती पुन्हा चालू लागली. पण किनारा येईपर्यंत तिने ती काठी हातातून सोडली नाही, आणि दुसरे टोक ह्यांनाही सोडू दिले नाही.

इनासभाऊ मिस्साहून परतले तेव्हा आम्ही पंचे गुंडाळून चहा पीत होतो. सगळे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "रविवारी मी तीनच लावतो हो. मिस्सा चुकेल म्हणून पुढं जातच नाही. काल सांगायचं राहिलं." त्यांची पत्नी त्यांच्या बोलीत त्यांना जे बोलली, ते मला ह्या वेळी अक्षरन्‌अक्षर कळले.

कोळीवाडा, त्याच दिवशी दुपारी

तिचे नाव पार्वतीबाय. आम्ही कराडहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा डबा घेऊन तिच्या घरी गेलो. ऊन लख्ख पडले होते. बांबूंच्या मांडवावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले होते. शेकडो उघडी तोंडे, सगळी एकाच बाजूला. ती खाली बसून सुपात जवळा निवडत होती.

"ये गो, मधुकरच्या बायको," ती म्हणाली. मी लाजले. हेही लाजले.

पेढा खाऊन तिने आपण होऊनच सांगितले. त्यांच्या वाडीत ज्या घरची काठी, त्या घरचा कपडा तिच्यावर बांधायचा, ही रीत. कोणी लुगड्याचा पदर बांधतो, कोणी पोराचा शाळेचा सदरा. धुक्यात चुकून कोणी दुसऱ्याच्या जाळ्यात हात घालू नये म्हणून. तिच्या काठीवर तिच्या नवऱ्याचा शर्ट होता, आणि लांबून दिसावे म्हणून त्याच्यावरून तांबडा पट्टा.

"पावसाळ्याच्या आधी गेला. होडी आली, हा नाय आला. सापडलाच नाय," ती जवळ्यातला कचरा वेचत म्हणाली. "त्याचा कपडा काठीवर हाय तोवर जागा त्याची. कोनी तिथं जाळं लावायचं नाय. वरीस झालं की तो उतरायचा, मग पोराचा बांधायचा."

हातातला कचरा तिने बाजूला टाकला.

"हात वर होता म्हनालात?" तिने ह्यांना विचारले.

"हो. एक हात."

"बाह्या तर मी खाली बांधते. काठीला. फडफडून फाटतात म्हनून."

"गाठ सुटली असेल," हे म्हणाले.

"कोळनीची गाठ?" ती हसली, पण हसणे लवकर संपले. तिने सूप बाजूला ठेवले. हात लुगड्याला पुसले. "एक सांगा मला. तुम्ही शिकलेली मानसं, खोटं सांगनार नाय. ये म्हनत होता का जा म्हनत होता?"

तिने हे ज्या स्वरात विचारले, तो मला लिहिता येत नाही. इतके महिने तिला कोणी काही कळवले नव्हते. आता कोणीतरी तिकडून आले होते, आणि त्याच्यापाशी निरोप असणे शक्य होते. नवरा तिथे उभा राहून माणसे बोलावतो आहे, की माणसांना परतवतो आहे, एवढेच तिला हवे होते. उद्या पहाटे तिला त्याच काठीपाशी जायचे होते.

हे आयुष्यभर बँकेत होते. सहीचे एक वळण चुकले तरी कागद परत करणारे.

"जा म्हणत होते," ते म्हणाले. "घरी जा, असं."

पार्वतीबायचे खांदे खाली आले. "तसाच होता मेला," ती म्हणाली. "पाव्हन्याला कधी पानी विचारलं नाय. दारातूनच वाटेला लावायचा." आणि ती रडू लागली, हसतच, पेढ्यांचा डबा मांडीवर धरून.

उमेळे

संध्याकाळी मंजिरीकडे पोहोचलो. तिच्या सज्जातून एक केळीची बाग दिसते; तिच्या तिन्ही बाजूंनी इमारती चढत चालल्या आहेत.

"मामा, कसं झालं गोल्फ?" तिने विचारले.

"समुद्राने टोपी जिंकली," हे म्हणाले. ती हसून चहा टाकायला आत गेली.

चहाचे कप ठेवून ती पुन्हा आत गेली आणि आम्ही दोघे बसून राहिलो. सकाळपासून आम्ही एकमेकांशी जरुरीपुरतेच बोललो होतो. खालच्या बागेत कोणी घडांवर गोणपाट बांधत होते.

"खरंच जा म्हणत होते?" मी विचारले.

"हात वर होता. एवढंच."

"मग?"

"मग काय? तिने दोनच पर्याय दिले होते. त्यातला एक घेऊन तिला रोज तिथे जाता येईल."

मला त्यांचे कौतुक वाटले, आणि मी तिथेच थांबायला हवे होते. पण सकाळपासून एक विचार माझ्या मनात पाण्यासारखा आतून वर येत होता.

"आणि तुम्हाला? तिथे, धुक्यात उभे होतात तेव्हा, तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यांनी कप हातात घेतला, पाहिला, पुन्हा खाली ठेवला.

"पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं ते मला कळलं होतं," ते म्हणाले. "तू हाक मारलीस, तेव्हा मी त्या हाताकडेच चाललो होतो."